धरमपेठेतील एका मोटारीचे निदान

नागपुरास आलेल्या पाहुण्यास सीताबर्डीचा किल्ला, झिरो माइलचा स्तंभ व दीक्षाभूमी दाखविण्याचा परिपाठ आहे. धरमपेठ कोणी दाखवीत नाही. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे खुद्द धरमपेठकरच विचारतील. परंतु लक्ष्मीभुवन चौकापासून झेंडा चौकाकडे व तेथून गोकुळपेठेच्या बाजारापर्यंत सकाळच्या प्रहरी सावकाश चालत गेल्यास एक गोष्ट डोळ्यांत भरते. जुन्या बंगल्यांच्या फाटकांआत, नव्या इमारतींच्या खांबांमध्ये आणि रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली मोटारी उभ्या आहेत, आणि त्यांतील कित्येकींवर पानांचा थर साचलेला आहे. मुलगा पुण्यास, मुलगी अमेरिकेत, घरी वृद्ध दोघे व दारात मोटार, असा हा संसार. ही मोटार आठवड्यातून एकदा बाजारास, कधी टेकडीच्या गणपतीस, आणि वेळ आलीच तर रामदासपेठेतील इस्पितळात जाते. बाकी वेळ ती उभी असते.

अशा उभ्या मोटारीस कोणते रोग होतात, हे आम्हांस आमच्या एका शेजाऱ्यांच्या गाडीमुळे जवळून पाहावयास मिळाले. जन्मभर आम्ही मुलांस संस्कृत शिकविले. विजेचा व आमचा संबंध दिवा लावण्यापुरताच. परंतु त्या गाडीचे निदान ज्या रीतीने झाले, तीत आम्हांस आपल्या जुन्या शास्त्रांची ओळखीची पावले दिसली, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे शेजारी एका बँकेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीपुढचे. त्यांच्या पत्नीस मूत्रपिंडाच्या विकारामुळे दर मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिसकरिता न्यावे लागे. पहाटे सहाची वेळ ठरलेली. तेथे एक पाळी चुकली की अंगात पाणी साठते, श्वास लागतो. तेव्हा ती मोटार म्हणजे त्या घरात चैनीची वस्तू मुळीच नव्हती.

आता २०२३ च्या सप्टेंबरातील ती रात्र सांगितली पाहिजे. २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर जो पाऊस कोसळला, त्याने काही तासांतच शंभर मिलिमीटरची मर्यादा ओलांडली. अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला, नाग नदीने काठ सोडले, आणि लोक झोपेत असता अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी व धरमपेठेचा सखल भाग यांत पाणी शिरले. लष्कर व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांस बोलवावे लागले. माणसे दगावली. २३ तारखेस सकाळी पाणी उतरले तेव्हा मोटारी एकमेकींवर रेललेल्या, चिखलाने माखलेल्या, कोठे भिंतीस टेकलेल्या अशा दिसत होत्या. त्या सकाळी पुष्कळांनी मोठ्या आशेने किल्ली फिरवून पाहिली. हे कदापि करू नये. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी असल्यास ते वायूप्रमाणे दबत नाही. दट्ट्यास जोडलेला दांडा वाकतो व इंजिनाचा निकाल लागतो. शिवाय ओल्या तारांत वीज सोडली म्हणजे पाण्याने जे वाचले असते तेही जळते. पाण्यात बुडालेल्या गाडीस प्रथमोपचार एकच, तो म्हणजे बॅटरीची ऋण तार सोडविणे आणि गाडी ओढून कारखान्यात नेणे.

आमच्या शेजाऱ्यांनी नेमके तेच केले. त्यांच्या गाडीत पाणी आसनांच्या खालपर्यंतच आले होते. एका कारखान्याने गाडी वाळवून, तेल बदलून तीन आठवड्यांनी परत दिली. दिवाळी सुखात गेली. डिसेंबरात मात्र विचित्र प्रकार सुरू झाले. दरवाजांची कुलुपे आपोआप बंद होत, समोरच्या फलकावर कधी एक तर कधी दुसरा दिवा पेटे, आणि एका शुक्रवारी पहाटे किल्ली फिरविताच नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. गाडी स्वयंचलित गिअरची. ती धक्का देऊन चालू होत नाही. त्या दिवशी रिक्षा मिळाली. कारखान्याने बॅटरी जुनी झाल्याचे सांगून नवी बसविली. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच ‘टक्’! कारखान्याने बॅटरीच सदोष निघाली असे म्हणून तीही बदलून दिली. जानेवारीत तिसऱ्यांदा गाडी बसली, त्या दिवशी रिक्षा मिळण्यास पाऊण तास लागला, आणि बाईंची अवस्था पाहून आमच्या शेजाऱ्यांचा धीर सुटला.

गोकुळपेठेच्या मागील बाजूस पत्र्याच्या छपराखाली मोटारींच्या विजेचे काम करणारा एक मिस्त्री आहे. तो आमच्याच हाताखाली शिकला. संस्कृतात त्यास कधी गती नव्हती. त्यास बोलाविले. त्याने हत्यारांच्या पेटीस हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारण्यास आरंभ केला. गाडी कोणत्या वारी बसते? आदल्या दिवशी चालली होती काय? रोज फिरविली तर बसते काय? वैद्याने नाडी धरण्यापूर्वी आहारविहार विचारावा, तसे हे चालले होते. आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ती. माधवकराचा ग्रंथ याच विषयावर आहे. आमच्या या शिष्याने तो ग्रंथ पाहिलेला नाही, पण त्याची पद्धत तीच होती.

प्रश्नांतून एवढे निष्पन्न झाले की, गाडी रोज थोडी चालली तर सुरू होते; तीन-चार दिवस उभी राहिली की बसते. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, शुक्रवार ते मंगळवार चार. रोगाचे वेळापत्रक व डायलिसिसचे वेळापत्रक असे एकमेकांशी जुळलेले होते.

नंतर त्याने उपशय केला, म्हणजे औषध देऊन पाहिले. आपल्या गाडीच्या बॅटरीतून दोन जाड तारांनी वीज दिली. इंजिन तात्काळ सुरू झाले. म्हणजे सेल्फ निर्दोष. या तारा लावण्याचा क्रम प्रत्येक गृहस्थास ठाऊक असावा. तांबड्या तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्रास, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन अग्रास. काळ्या तारेचे पहिले टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्रास, आणि शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर. कारण शेवटचे टोक लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडावी व बसविताना ती शेवटी लावावी, याचेही कारण आहे. गाडीचा सारा सांगाडा ऋण बाजूस जोडलेला असल्याने धन अग्रावरील पाना चुकून सांगाड्यास लागला तर ठिणग्यांचा वर्षाव होतो. ऋण तार सुटलेली असल्यास काही होत नाही.

गाडी अर्धा तास चालवून, मग बंद करून व बॅटरी स्वतंत्र भारून दुसऱ्या दिवशी त्याने मीटर लावला. बॅटरीच्या पोटात सहा कप्पे, प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ दाखविते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली म्हणजे रिती होत आली. येथे १२.६ मिळाले. इंजिन चालू करताच १४.२ झाले, म्हणजे अल्टरनेटरही आपले काम करीत होता. (अलीकडच्या काही गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे दाब कमी-अधिक करतो, तेथे क्षणभर तेराखालचा आकडा दिसला तरी घाबरू नये.) अग्रांवर पांढरी-हिरवी बुकटी नव्हती; असती तर खाण्याचा सोडा व कोमट पाणी यांनी धुऊन काढावी लागली असती. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण अग्र व इंजिन यांमध्ये मीटर धरून त्याने अर्थिंगची तारही पारखली.

मग तो म्हणाला, “सर, बॅटरी खराब नाही जी. कोणीतरी तिला रात्रभर पिऊन राहिलं!”

आजकालच्या मोटारींत लहानमोठे कित्येक संगणक असतात. गाडीस कुलूप लावले की ते एकामागून एक झोपी जातात. सगळे झोपण्यास अर्धा तासही लागतो. त्यानंतर घड्याळ, कुलुपाचा रेडिओ वगैरे जागे ठेवण्यास जी वीज लागते ती पन्नास मिलिअँपिअरच्या आत असावी. त्याने बॉनेट उघडेच ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने मिटविली, म्हणजे गाडीस बॉनेट बंद आहे असे वाटावे. बॅटरीची ऋण तार सोडवून मीटर मध्ये ओवला. आणि गाडीस कुलूप लावून चहा मागविला. आम्ही अधीर झालो, तो झाला नाही. पाऊण तासाने मीटरवर सहाशे मिलिअँपिअर होते. आता गणित आमच्यासारख्यासही जमण्यासारखे. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची, ०.६ ने भागले असता ७५ तास. तीन दिवस व तीन तास! दोन नव्या बॅटऱ्या कशाने बसल्या याचा उलगडा झाला. नळ उघडा टाकून टाकी बदलण्याचा उद्योग चालला होता. शिस्याची बॅटरी एकदा पूर्ण उतरून तशीच पडली की तिच्या पत्र्यांवर गंधकिताचे खडे धरतात, आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणून ‘बॅटरीच सदोष’ असे म्हणण्यासही नंतर पुरावा मिळतो.

चोर शोधण्याची रीत तर आम्हांस फारच आवडली. सामान्य कारागीर एकेक फ्यूज उपटून पाहतो. पण फ्यूज काढला-लावला की एखादा झोपलेला संगणक जागा होतो व सारेच बिघडते. याने प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन धातूच्या ठिपक्यांस मीटर टेकविला. ज्यातून वीज वाहते त्या फ्यूजवर अगदी सूक्ष्म, मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका, दाब पडतो; बाकीच्यांवर शून्य. एकच फ्यूज बोलला. मग शेवटी तेवढाच काढला, गळती थांबली; लावला, पुन्हा सुरू झाली. नैयायिक ज्यास अन्वय व व्यतिरेक म्हणतात, ते दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत फाटकाआत घडले.

तो फ्यूज ज्या तारांचा, त्या डाव्या आसनाखाली जात होत्या. आसन सोडवून गालिचा उचलला तो खालचा जाड कापूस अद्याप ओला! पुरास जवळजवळ चार महिने झाले होते. वरून वाळलेल्या गालिच्याखाली नाग नदी राहिली होती. तेथील एका जोडणीच्या तांब्यास हिरवा गंज चढून दोन सुयांमध्ये पूल तयार झाला होता, आणि कुलुपांचा संगणक त्यामुळे रात्रभर कोणीतरी दार उघडत आहे अशा समजुतीत जागा राहत होता. त्याने जोडणी साफ केली, दोन सुया बदलल्या, ओला कापूस कापून काढला. मीटर तीस मिलिअँपिअरवर उतरला. त्या हिशेबाने तीच बॅटरी पंधराशे तास, म्हणजे दोन महिने पुरावी.

कारखान्याने हे का पाहिले नाही, असे आम्ही विचारले. आसनाखालच्या गालिच्यास हात लावून पाहण्यास यंत्र लागत नाही. पण त्यांनी सोळा सुयांच्या खाचेत आपले यंत्र जोडले होते आणि यंत्राने ‘दाब कमी’ असा दोषांक दिला होता. दोषांक खोटा नव्हता. तो परिणाम सांगत होता, कारण सांगत नव्हता. कधी तर मोजणाराच बिघडलेला असतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले व देशभर बोभाटा झाला. पुढे हवामान खात्याने उपकरणाचा बिघाड असल्याचे स्पष्ट केले. नागपूरकरांस ऊन पुरेसे आहे. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश झाले होते, त्यात भर घालण्याची गरज नाही.

या उन्हाचाही बॅटरीशी संबंध आहेच. थंडीत बॅटरी बसते म्हणून लोक थंडीस बोल लावतात. वस्तुतः उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वाढून पत्रे झिजतात, पाणी उडते. मे महिन्यात दुबळी झालेली बॅटरी डिसेंबरच्या गार पहाटे, घट्ट झालेले तेल ढवळताना हात टेकते. तेव्हा पावसाळा सरताच तपासणी करून घ्यावी, गाडी सावलीत उभी करावी, आणि आठवड्यातून एकदा तरी वर्धा मार्गाने सलग अर्धा-पाऊण तास चालवावी. गोकुळपेठेपर्यंत जाऊन येण्याने सेल्फने घेतलेली वीजही भरून येत नाही. दारात उभ्या उभ्या दहा मिनिटे इंजिन चालविणे हा तर निव्वळ पेट्रोलचा होम होय. उंदरांचेही भय असते. गजाननाच्या वाहनास आमच्या वाहनाच्या तारा फार रुचतात, आणि कडुनिंबाखाली महिनाभर उभी असलेली मोटार त्यास घरच वाटते.

मिस्त्रीने मजुरी सांगितली ती एका नव्या बॅटरीच्या चौथ्या हिश्शाहून कमी होती. शेजारी अधिक देऊ लागले तर त्याने घेतले नाहीत. गालिच्याखाली नवा कापूस मात्र अवश्य घाला, ओला पुन्हा ठेवू नका, असे बाईंस दोनदा बजावले. पुढल्या शुक्रवारी पहाटे पावणेसहास आम्ही गच्चीवर होतो. खालून इंजिनाचा आवाज आला, फाटक वाजले, आणि गाडीचे मागील दिवे शंकरनगरच्या दिशेने वळले.