वस्तादाचा वाटा

'वस्ताद' हा शब्द मूळचा 'उस्ताद'. फारसी-उर्दूतून तो मराठीत आला आणि आखाड्याच्या लाल मातीत रुळला. 'तालीम'चेही तसेच. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, आमच्या सोलापुरात तालीम म्हणजे आखाडा. जुळे सोलापुरात राहून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना मला दोन्ही अर्थ जवळचे वाटतात, कारण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. शागिर्द जिंकला, तर त्यात उस्तादाचा वाटा किती?

याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत होता. साठ वर्षे त्याने अंतिम फेरीसुद्धा पाहिली नव्हती. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ विजेता झाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. १९९९ मध्ये बंगळूरच्या ज्या मैदानावर त्या संघाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते, तिथेच २०२२ मध्ये त्यांच्या शागिर्दांनी मुंबईला हरवून करंडक जिंकला.

एवढे वाचून कुणी म्हणेल, सारे काही वस्तादच! पण विदर्भाकडे फैज फजलचे नेतृत्व होते, वसीम जाफरचा अनुभव होता, अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी होता. पंडित गेल्यावरही, २०२५ मध्ये, नागपूरच्याच उस्मान गनी यांच्या हाताखाली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. उलट २०२४ मध्ये आयपीएल जिंकणारा कोलकात्याचा संघ त्याच पंडितांच्या हाताखाली दुसऱ्या वर्षी आठवा आला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये फिल जॅक्सन यांनी प्रशिक्षक म्हणून ११ विजेतेपदे मिळवली, पण त्यांच्याजवळ जॉर्डन होता, कोबी ब्रायंट होता.

म्हणजे वस्ताद गुण निर्माण करत नाही. असलेला गुण वाया जाऊ देत नाही, इतकेच. हे 'इतकेच' मात्र फार मोठे आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्ण जिंकले. १९६३ मध्ये ते गेले. ते सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेले नाही.

आमच्या व्यवसायात हा हिशेब सोयीने मांडला जातो. दहावीचा निकाल चांगला लागला की फलकावर शाळेचे नाव मोठ्या अक्षरांत, वाईट लागला की "मुलंच तशी आहेत". पालकही कमी नाहीत. पोरगा पास झाला तर त्याची अक्कल, नापास झाला तर बाईंनी शिकवले नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी नववीत गैरहजर राहू लागली. आई विड्या वळणारी. रोजच्या हजार विड्या पुऱ्या करायला लेकीचे हात लागत. मी चार वेळा घरी गेले. पाचव्या वेळी आई म्हणाली, "ठीक है आपा, मैं रात को जागूंगी." मुलगी शाळेत आली, दहावीत बावन्न टक्क्यांनी पास झाली. फलकावर बावन्न टक्क्यांना जागा नसते. यात माझा वाटा किती? चार हेलपाट्यांचा. मुलीचा त्याहून मोठा आणि रात्र जागवणाऱ्या आईचा सर्वांत मोठा. पण ते हेलपाटे झाले नसते, तर बाकीचे दोन्ही वाटे विडीच्या सुपातच राहिले असते.

म्हणून आपल्या मुलांसाठी शाळा शोधताना पहिला कोण आला एवढेच विचारू नका. मागच्या बाकावरचे किती जण दहावीपर्यंत टिकले, तेही विचारा. वस्तादाची खरी परीक्षा तिथे होते.