हिरडा आणि मायरोबॅलन

अकरावीत मी कठीण इंग्रजी शब्दांची वही केली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. नॉर्मन लुईसचे १९४९ सालचे 'वर्ड पॉवर मेड इझी' हातोहात फिरत घोडेगावी माझ्याकडे आठवडाभर आले, तेव्हा ती वही निम्मी भरली. मराठी अर्थ शब्दकोशातून उतरवले. 'ॲस्ट्रिन्जंट' पुढे लिहिले : स्तंभक, संकोचक. वहीच्या दोन्ही बाजू मला सारख्याच परक्या होत्या. पाठांतराला त्याची अडचण आली नाही, एवढेच.

त्याच उन्हाळ्यात आमच्या अंगणात बाळहिरडा वाळत पडला होता. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात पावसाळ्यापूर्वीचे चार पैसे हिरड्याचेच. कोवळे फळ झाडावर चढून काढायचे, उन्हात काळे पडेपर्यंत वाळवायचे. एखादे तोंडात टाकले की जीभ आवळून येते. 'ॲस्ट्रिन्जंट' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ आवळणे, घट्ट बांधणे, हे मला पुढे एम.ए.ला कळले. 'तुरट' हा साधा शब्द त्या कोशकाराने का टाळला असावा? बहुधा त्याला तो पुरेसा विद्वान वाटला नसावा. आणि मलाही, हे कबूल केले पाहिजे.

त्याच सुमारास मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती ग्रंथालयात हाताळताना सहज 'हिरडा' काढला आणि 'मायरोबॅलन' भेटला. ग्रीकमध्ये 'मायरॉन' म्हणजे सुगंधी लेप आणि 'बॅलॅनॉस' म्हणजे ओकचे फळ. (हिरड्याला सुगंध कसला, हा प्रश्न ग्रीकांना विचारावा.) शिवाय इंग्रजीत हिरडा, बेहडा, आवळा हे तिन्ही मायरोबॅलनच, चेब्युलिक, बेलेरिक, एम्ब्लिक अशी विशेषणे लावून वेगळे ओळखायचे. आमच्याकडे शेंबडे पोरही ही तीन झाडे लांबून ओळखते. 'समृद्ध' भाषेचे हे दारिद्र्य पाहून मला बरे वाटले होते, हे आज थोडे पोरकट वाटते. ओकच्या जातींपुढे आपला मराठी कोशही असाच गप्प बसतो.

सुटीत घरी गेलो तेव्हा आईला मोठ्या हौसेने सांगितले, की याला इंग्रजीत मायरोबॅलन म्हणतात. तिने तो शब्द एकदा, बऱ्यापैकी नीट, उच्चारून पाहिला. मग पोत्याचे तोंड शिवता शिवता म्हणाली, "आन् त्या नावानं भाव जास्त देत्यात का रं?"