बाळा, हे कोठून घेतलेस?

सज्जनहो, अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ एवढे कानी पडले की शब्द कोणाचे ते आपल्याला कळते. नववीच्या वर्गाला मराठी शिकवताना मला या मुद्रेची फार आठवण होते. मुले प्रकल्पासाठी इंटरनेटवरून पानेच्या पाने उतरवून आणतात आणि संदर्भ म्हणून एकच शब्द लिहितात, ‘गूगल’. मी म्हणतो, बाळांनो, गूगल वाट दाखवणारा. घर कोणाचे ते सांगा.

मग आम्ही वहीत लिहून घेतो: लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, प्रसिद्धीची तारीख, पानाचा पूर्ण पत्ता आणि आपण ते पाहिले ती तारीख. शेवटची तारीख का? संकेतस्थळावरचे पान रातोरात बदलते, कधी नाहीसेही होते. विकिपीडियाचे पान तर वाचणाराही बदलू शकतो. म्हणून त्याच्या तळाशी दिलेल्या मूळ संदर्भापर्यंत जावे, तो वाचावा आणि मग त्याचे नाव द्यावे. शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हांत घालावेत. आपल्या शब्दांत सांगितले तरी विचार ज्याचा, नाव त्याचे.

गेल्या आषाढीच्या सुमारास एका मुलीने प्रकल्पात तुकोबांचा म्हणून एक अभंग लिहिला. संदर्भ विचारला तर म्हणाली, “सर, आजोबांच्या मोबाईलवर आला होता.” शासनाने 1950 साली प्रसिद्ध केलेली गाथा आम्ही काढली. तीत 4607 अभंग आहेत. शोधून पाहिले, हा त्यात नव्हता. शिवाय त्यात ‘सकारात्मक’ असा शब्द होता; तो तुकोबांच्या काळचा कसा असेल?

पोरीचा चेहरा उतरला. आजोबा माळकरी; हरिपाठानंतर तो अभंग ते रोज म्हणत. त्यांना सांगायचे कोणी? तिनेच सांगितले. आजोबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “शब्द गोड आहेत गं, पण तुकोबांचं नाव कसं घेऊ?” प्रकल्पात तिने नोंद केली: कवी अज्ञात, मोबाईलवर आलेला संदेश, पुढे तारीख.

पाहा, इथे दोघांवर अन्याय झाला. तुकोबांच्या माथी परके शब्द आले आणि ज्याने ते रचले त्याचे नाव बुडाले. नामदेवरायांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. ते निवडताना अभ्यासकांना किती कष्ट पडले! नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. खुद्द ज्ञानोबा माउलींनी ग्रंथाच्या शेवटी व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण सांगितले. संदर्भ देणे ही काही शाळेने लादलेली कटकट नव्हे, ती आपल्याच घरची रीत आहे.

तेव्हा नातवंडांचा प्रकल्प हाती आला तर मायेने विचारा, “बाळा, हे कोठून घेतलेस?” आणि आपल्या मोबाईलवर ‘तुका म्हणे’ आले, तर पुढे धाडण्याआधी गाथा उघडा. अभंग सापडला तर क्रमांकाबरोबर गाथा कोणती तेही लिहा, कारण सगळ्या गाथांतले क्रमांक सारखे नसतात. नाही सापडला, तर तुकोबांचे नाव तेवढे काढून ठेवा.

रामकृष्णहरी.