मुक्काम पोस्ट फिल्मसिटी!

थीम पार्कच्या तिकिटाचा हिशेब सगळेच करतात, पण बजेट कोलमडतं ते हॉटेलात. सोलापूरहून रामोजीला निघणाऱ्यांसाठी खास मुक्कामाचा फंडा...

सोलापूरच्या पोरांचं पहिलं थीम पार्क म्हणजे गड्डा! जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे लागतात आणि मुक्कामाचा प्रश्नच नसतो. घर हाकेच्या अंतरावर. पण हीच पोरं नोकरीला लागली, लाँग वीकेण्डला बायका-पोरांना आणि आईला घेऊन ‘जरा मोठ्ठं काहीतरी’ बघायला निघाली, की पहिला सवाल येतो, राहायचं कुठे?

नकाशात बघा, आपण एकदम मोक्याच्या जागी आहोत. पुण्याच्या दिशेने गेलात तर खोपोलीजवळ इमॅजिका, २०१३ साली सुरू झालेलं. हैदराबादच्या दिशेने गेलात तर रामोजी फिल्मसिटी. अंतर दोन्हीकडे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. इमॅजिकाला लागूनच हॉटेल आहे, पण ते स्टारवालं. स्वस्तात राहायचं तर खोपोली किंवा लोणावळा गाठा. लोणावळ्यात उतरलात तर घाटातून ये-जा आलीच, आणि वीकेण्डला तिथला ट्रॅफिक काय असतो ते सांगायला नको. खिसा सांभाळून पार्कातच राहायचं असेल, तर खरा चॉइस मिळतो रामोजीत.

रामोजी राव यांनी १९९६ साली ही फिल्मसिटी उभी केली. जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे, क्षेत्रफळ तब्बल १,६६६ एकर! ‘बाहुबली’मधल्या माहिष्मतीचा सेटही इथलाच. एवढं सगळं बघायला आख्खा दिवस लागतो, तोही पळापळ न करता.

थीम खोलीत नाही, खोलीबाहेर!

थीम हॉटेल म्हटलं की भिंतीवर कार्टून आणि किल्ल्यासारखा पलंग डोळ्यांपुढे येतो. रामोजीत तसं नाही. इथे अख्खं आवारच थीम आहे. त्यामुळे भारी खोली कशाला, हा प्रश्न स्वतःला विचाराच. आवारात चार पायऱ्या आहेत. ‘सितारा’ लक्झरी, ‘तारा’ मधल्या बजेटचं, ‘शांतिनिकेतन’ सुपर इकॉनॉमी आणि ‘सहारा’ म्हणजे डॉर्मिटरी. ऑफिसची गँग असेल तर ‘सहारा’ झक्कास! फॅमिलीने आधी ‘शांतिनिकेतन’चा रेट विचारावा, मग ‘तारा’चा. दिवसभर चालून पाय दुखायला लागले की खोलीत जागं कोण राहणार? झोपायलाच जायचं असेल तर झुंबराचे पैसे कशाला भरायचे?

आवाराबाहेर स्वस्त लॉज मिळत नाहीत असं नाही. नामपल्ली, काचिगुड्याला भरपूर आहेत. पण फिल्मसिटी शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, विजयवाडा रोडवर. सहा जणांची दोन्ही वेळची गाडी, ट्रॅफिकमध्ये गेलेले दोन-तीन तास आणि आईचे गुडघे, हे सगळं त्या स्वस्त रेटमध्ये मिळवून बघा. म्हणूनच, रूमचा नाही, ट्रिपचा रेट काढा!

मग मामांकडे उतरायचं का? सोलापुरातल्या कितीतरी तेलुगू घरांचे नातेवाईक हैदराबादेत आहेत. बिनपैशांचा मुक्काम, वर गरमागरम पेसरट्टू. पण मामी नाश्त्याशिवाय सोडणार नाहीत आणि तुम्ही फिल्मसिटीच्या गेटवर पोचाल अकराला. गेट उघडतं सकाळी नऊच्या सुमारास. तेव्हा मामांकडे जरूर जा, पण परतीच्या दिवशी. मानही राहतो आणि तिकीटही वसूल होतं.

मधला मार्ग म्हणजे एल. बी. नगर किंवा हयातनगर. दोन्ही फिल्मसिटीच्याच बाजूला. आवारातली हॉटेलं फुल्ल असतील तर शहराच्या मध्यात शिरू नका, इथेच खोली शोधा.

कसं जाल?

कारने जाणाऱ्यांना सोलापूरहून राष्ट्रीय महामार्ग ६५ सरळ हैदराबादला नेतो, आणि शहर ओलांडून तोच पुढे फिल्मसिटीवरून विजयवाड्याकडे जातो. पण शहरातून जाऊ नका. पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडवर चढा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा. फिल्मसिटी तिथून जवळच आहे. टोल लागतो, पण चिडचिड वाचते.

रेल्वेने हुसेनसागर एक्स्प्रेस सोलापूरवरून जाते आणि हैदराबाद डेक्कनला, म्हणजे नामपल्लीला थांबते. तिथून मेट्रोची रेड लाइन न बदलता एल. बी. नगरपर्यंत नेते. पुढे बस किंवा रिक्षा.

बुकिंगआधी हे विचाराच...

* पॅकेजमध्ये फिल्मसिटीचं तिकीट, नाश्ता, जेवण धरलंय का? तिकीट वेगळं असेल तर ‘स्वस्त’ खोली महागात पडते.

* मुलांचं वय कितीपर्यंत फ्री? जादा गादीचे किती?

* दुपारी खोलीवर येऊन पुन्हा आत जाता येतं का? आजी-आजोबा बरोबर असतील तर हे आधी विचारा.

* रेट टॅक्स धरून आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,६०० ची खोली शंभर रुपयांनी महाग दिसते, पण प्रत्यक्षात हजाराच्या वर जास्त पडते!

* आल्या-आल्या खोली मिळेल का? सकाळी पोचणार असाल तर निदान सामान ठेवायची सोय विचारून घ्या.

प्रवासासाठी शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून घ्या, रस्त्यावरचं एक जेवण वाचेल. आणि हो, हॉटेलच्या बाथरूममधल्या टॉवेलचं लेबल जरूर बघा. कदाचित तो तुमच्या आधीच सोलापूरहून पोचला असेल!