फटफटीचा मिसळणाचा डबा

संसारात तीन डबे नेहमी भरलेले असावेत, असे माझे मत आहे. पहिला मिसळणाचा, दुसरा सुईदोऱ्याचा आणि तिसरा पान्ह्यांचा. पहिल्या दोन डब्यांविषयी कोणाचे दुमत होणार नाही. मोहरी संपली म्हणून फोडणी अडली, किंवा सदऱ्याचे बटण तुटले म्हणून शिंप्याकडे धावावे लागले, तर त्या घराला आपण गबाळे म्हणतो. पण दारात मोटारसायकल उभी आहे, तिची साखळी सैल पडून खडखडते आहे आणि घरात एकही पान्हा नाही, याची मात्र कोणालाच लाज वाटत नाही! दसऱ्याला आपण तिला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. खंडेनवमीला ज्या हत्यारांची पूजा करायची, ती मात्र मिस्त्रीच्या घरी असतात.

"यंत्र हा काही आपला विषय नव्हे बुवा," असे शहरात म्हणता येते. तिथे गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असते. पण माझा मुक्काम पडला आहे खोडाळ्याला. कसाऱ्याहून विहीगावच्या वाटेने वर चढत आले की मोखाडा तालुक्यातले हे गाव लागते. जवळच देवबांधचा गणपती आहे, वर सूर्यमाळ आहे आणि सगळीकडे वैतरणेकडे उतरणाऱ्या दऱ्या आहेत. वैतरणेच्या या खोऱ्यातले पाणी धरणांतून मुंबईच्या नळांना जाते. तेव्हा मुंबईकर वाचक रोज सकाळी आमच्याकडचा पाऊस पितात, असे म्हणायला हरकत नाही. तोच पाऊस चार महिने आमच्या फटफट्यांच्या साखळ्यांवरचे तेल धुऊन नेतो, तारांना गंज चढवतो आणि ब्रेकमध्ये चिखल भरतो. या मुलखात फटफटी ही चैनीची वस्तू नव्हे. ती भाताचे पोते वाहते, शाळेच्या मास्तरांना पाड्यावर पोहोचवते आणि वेळ आली तर पुढे चालक, मागे नातलग व दोघांच्या मध्ये आजारी माणूस अशी रुग्णवाहिकाही होते.

आता हा तिसरा डबा भरायचा कसा? बाजारात शंभर-सव्वाशे नगांच्या चकचकीत पेट्या मिळतात. त्या पाहून मोह होतो खरा. मीही असल्या पेटीची जाहिरात घरात कौतुकाने दाखवली होती. सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, माझ्या मिसळणाच्या डब्यात वाट्या किती? सात. इतक्या वर्षांत आठवी मागितली का मी कधी?" या प्रश्नापुढे शंभर नगांची पेटी टिकली नाही. डबा दुकानातून भरायचा नसतो, तो रोजच्या हाताला काय लागते ते पाहून भरायचा असतो.

म्हणून मी पान्हे विकत घेण्याआधी गाडीभोवती कागद-पेन्सिल घेऊन फिरलो आणि तिला कुठे कोणत्या मापाचा नट आहे ते लिहून काढले. वाचकांनीही हेच करावे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पिशवीत दोन-तीन पान्हे, एक प्लगचा पान्हा आणि एक पेचकस असतो. अडल्यावेळी तो आशीर्वाद समजावा, पण त्यावर संसार करू नये. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्या जपानी घराण्यातल्या. त्यांचे ८, १०, १२, १४, १७ आणि १९ हे आकडे पाठ केले की निम्मे काम झाले. हा आकडा बोल्टच्या जाडीचा नव्हे. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर किती मिलिमीटर, ते तो सांगतो. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके जपानी वळणाच्या गाडीत बहुधा १२ चे असते, युरोपीय वळणाच्या यंत्रात १३ चे. त्या एका मिलिमीटरवरून किती नटांचे कोपरे झिजून गोल झाले असतील, देव जाणे! जुन्या बुलेटची तर तऱ्हाच वेगळी. तिच्यात इंग्रजी इंचांची मापे भेटतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज गृहस्थाने १८४१ साली आट्यांचे पहिले प्रमाण सुचवले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट निराळा असे.

पान्हे दोन जातीचे घ्यावेत. एक उघड्या तोंडाचा, दुसरा कड्याचा. उघड्या तोंडाचा पान्हा नटाच्या दोनच बाजू धरतो, कडे मात्र सगळे कोपरे कवेत घेते. तेव्हा घट्ट नट आधी कड्याने सोडवावा आणि मग उघड्या पान्ह्याने भराभर फिरवावा. जबडा लहानमोठा करता येणारा पान्हा घरच्या नळासाठी ठीक, फटफटीसाठी तो शेवटचा उपाय. चांगले पान्हे आणायला फार लांब जायला नको. टापरियाचा कारखाना आमच्या शेजारच्या नाशिकलाच आहे.

पेचकसाची गंमत और आहे. अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली की आपण हाती येईल तो फुलीचा पेचकस घालतो. पण अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाची, १९३६ च्या पेटंटांतली फुली आणि जपानी प्रमाणाची फुली या दिसायला जुळ्या असल्या तरी सख्ख्या नव्हेत. जपानी खाचेत फिलिप्सचा पेचकस पुरता बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि खाच खरवडतो. जपानी खाचेशेजारी पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की त्या जातीचा पेचकस शोधावा.

मराठीच्या मास्तराला या डब्यात आणखी एक खजिना सापडतो. 'पेचकस' हा शब्द फारसीकडून आला. 'पेच' म्हणजे पीळ आणि 'कश' म्हणजे ओढणारा. 'चावी' आली ती पोर्तुगीजांच्या 'शाव्ह'वरून. त्यांच्या भाषेत हा एकच शब्द कुलपाच्या किल्लीलाही चालतो आणि पान्ह्यालाही. स्क्रूला आपला स्वतःचा 'मळसूत्र' हा शब्द आहे, पण गॅरेजात तो उच्चारला तर मिस्त्री आपल्याकडे पाहत राहील. आणि 'पान्हा'! आईला फुटतो तोही पान्हाच आणि मिस्त्री पोराकडे मागतो तोही पान्हाच. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोघांचे नाते जोडायचे धाडस मी करणार नाही, पण घाटात गाडी बंद पडल्यावर दोन्हींचे मोल सारखेच वाटते, एवढे खरे.

डब्यात पुढे काय घालावे? एक पक्कड. प्लगचा पान्हा आणि जोडीला बारीक पॉलिशपेपर. टायरमधला दाब मोजायचे घड्याळ आणि पायाने मारायचा पंप. हवेचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, एकट्यासाठी निराळा आणि डबलसीटसाठी निराळा. बिनट्यूबचे टायर असतील तर पंक्चर काढायचे टोचे आणि रबरी वाती. ट्यूब असेल तर एक नवी ट्यूब आणि दोन पट्ट्या. क्लचची एक तार, दोन फ्यूज, साखळी जोडायची एक कडी. त्या कडीच्या पत्तीचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे. उघडे टोक पुढे राहिले तर कशाला तरी अडकून पत्ती निसटते. साखळीसाठी ९० नंबरचे ऑइल. जुन्या धोतराची फडकी. आणि एक ताट, काढलेले नट ठेवायला. जमिनीवर ठेवलेला नट पावसाळ्यात गवत गिळते. जुने काळे ऑइल मात्र ओढ्यात ओतू नये, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. ओढा वैतरणेला मिळतो आणि वैतरणा कुठे जाते ते वर सांगितलेच आहे.

एक रिकामी वाटी मी 'सटरफटर' म्हणून राखली आहे. तारेचा तुकडा, चिकटपट्टी, दोन वायसर, पत्र्याची पट्टी. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाच्या मोटारसायकलवरच्या १९७४ सालच्या गाजलेल्या पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल सैल झालेले असते. लेखक सुचवतो, बीअरच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी घालू. मित्राला तो गाडीचा अपमान वाटतो. आमच्या पाड्यांवरच्या पोरांना या वादाचे हसूच येईल. पत्रा कोणत्या डब्याचा हे इथे कोणी विचारत नाही, बसतो की नाही एवढेच पाहतात.

हत्यारे जमली म्हणजे हात तयार झाला असे नव्हे. नवशिक्याला वाटते, जितके घट्ट तितके चांगले. तसे नसते. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला सुमारे १० किलोंचा भार. पान्हा २५ सेंटिमीटरचा असेल तर ४ किलोंतच काम होते आणि वरचा जोर अॅल्युमिनियममधले आटे खाऊन टाकतो. म्हणूनच लहान मापाचा पान्हा आखूड घडवलेला असतो. त्याला नळी जोडून लांब करणारा माणूस मिस्त्रीची दिवाळी साजरी करतो.

कुठे थांबावे हेही डबाच शिकवतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला, इंजेक्शन आले. त्याचे दुखणे संगणक जोडल्याशिवाय कळत नाही. तेलावर चालणारा ब्रेक, एबीएस, इंजिनाचे पोट या गोष्टी मिस्त्रीच्याच. आपण साखळी, तारा, हवा, प्लग, ऑइल आणि दिवे एवढेच सांभाळावे. पण तेवढे पाहण्यासाठी दर आठवड्याला अर्धा तास गाडीशेजारी उकिडवे बसावे लागते आणि सगळा फायदा त्या बसण्यात आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो. रविवारची संध्याकाळ होती. साखळीला तेल देऊन झाल्यावर सवयीने क्लचच्या मुठीकडे पाहिले, तर तारेचे चार-पाच पदर तुटून केसांसारखे बाहेर आले होते. उरलेल्या पदरांवर गाडी चालत होती, एरवी काही कळलेच नसते. डब्यातली तार काढली, दहाच्या पान्ह्याने बसवली, हात धुतले आणि जेवायला बसलो. पहाटे तीनच्या सुमारास दारावर थाप पडली. शेजारचे आजोबा उभे होते. नातू तापाने फणफणला होता, आकडी येऊन गेली होती, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. पोराला बापाच्या कुशीत धरून मागे बसवले आणि आम्ही निघालो. वाटेतल्या चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून धरताना त्या जुन्या तारेची आठवण झाली आणि अंगावर काटा आला. दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी ताप उतरवला, पुढे दोन दिवसांनी पोर अंगणात खेळू लागले. यात माझा पराक्रम काहीही नाही. पण ती तार डब्यात नसती, किंवा असूनही मी मुठीकडे पाहिले नसते, तर ती कुठे तुटली असती हे सांगता येत नाही.

तेव्हापासून माझा डबा माझा राहिलेला नाही. आळीतली मुले "सर, दहाचा द्या ना" म्हणत येतात. सगळ्या डब्यांतून नाहीसा होतो तो दहाचाच, म्हणून मी दहाचे दोन ठेवतो. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामावर खाली उतरतात. जाण्यापूर्वी त्यांची पोरे गाडीची साखळी ताणायला येतात. मी पान्हा देतो आणि जवळ उभा राहतो. पुढच्या खेपेला पुष्कळदा माझ्या उभे राहण्याची गरज उरत नाही.

यंदा पाडव्याला घरात काही नवे आणायचे असेल, तर शंभर नगांची पेटी आणू नका. आधी गाडीभोवती एक फेरी मारा, माप लिहून घ्या आणि दहा-बाराचा एकच चांगला पान्हा आणा. पुढचे पान्हे गाडी स्वतःच मागून घेईल.