अंदाजपत्रकाचे वाचन

आमच्या वसाहतीच्या फाटकाचा डावा खांब गेली बावीस वर्षे जागच्या जागी उभा आहे, आणि तितकीच वर्षे मी त्याच्या शेजारून माझी लहानशी मोटार सुखाने आत-बाहेर नेत आहे. तेव्हा गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी त्याच खांबाला जाऊन भिडलो, यात खांबाचा दोष होता असे म्हणण्याची सोय मला नाही. त्या दिवशी मी चालवीत होतो ती मोटार माझी नव्हती, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. ती माझ्या धाकट्या भावाची होती. तो शस्त्रवैद्य आहे, आणि त्याची मोटार परदेशी बनावटीची, तीन वर्षेही पुरी न झालेली, माझ्या मोटारीहून चांगली वीतभर रुंद. तीन महिन्यांसाठी मुलाकडे परदेशी जाताना, "दादा, आठवड्यातून एकदा फिरवून आण, नाहीतर बॅटरी उतरते," एवढे सांगून त्याने किल्ली माझ्या हाती ठेवली होती. माझ्या हिशेबात ती वीत आली नाही.

आवाज फारसा झाला नाही. पुढच्या बंपरचा डावा कोपरा फाटला, चाकावरचा पत्रा आत गेला आणि दिवा किंचित तिरपा होऊन माझ्याकडे पाहू लागला. मी मनाशी पन्नास हजारांचा आकडा धरला, आणि तो आपण उदारपणे धरला आहे असेही मला वाटले.

दुरुस्तीचे ते दालन म्हणजे एखाद्या मोठ्या हॉटेलाचा दिवाणखाना होता. ग्रीसचा वास नाही, हातोड्याचा आवाज नाही. एका नम्र तरुणाने मला कॉफी दिली आणि तासाभराने चार पानांचे अंदाजपत्रक पुढे ठेवले. सुटे भाग ३,५०,००० रुपये, मजुरी, रंग व तपासण्या मिळून १,१०,००० रुपये, त्यावर १८ टक्के कर. एकूण ५,४२,८०० रुपये. मी पहिल्या पानाकडे पाहिले, शेवटच्या पानाकडे पाहिले आणि म्हणालो, "ठीक आहे. उद्या कळवतो."

पस्तीस वर्षांच्या अध्यापनात, न समजलेल्या मजकुराला मान डोलावणाऱ्या विद्यार्थ्यांची मी पुष्कळ थट्टा केली आहे. त्या दिवशी मी स्वतः त्या बाकावर बसलो होतो. मंडईत दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा मी, येथे एक प्रश्न विचारू शकलो नाही. ज्याची एवढी मोटार आहे, त्याने दिव्याची किंमत विचारावी, हे त्या थंडगार दालनात मला कमीपणाचे वाटले. आणि मोटार माझी नाही हे सांगणे तर त्याहूनही. मनात एक बेत शिजत होता. सौ. बरोबर निवृत्तीनंतर प्रवासाला जाण्यासाठी ठेवलेली मुदतठेव मोडावी, भाऊ परतण्यापूर्वी मोटार पूर्ववत् करावी, आणि त्याला काही कळूच देऊ नये. विमा होता; पण विमा त्याच्या नावाचा, म्हणजे अर्जावर सही त्याची.

त्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो परवानाधारक विमा-सर्वेक्षक आहे. मोडलेल्या मोटारी पाहण्यात त्याची वीस वर्षे गेली आहेत. कागद चाळून तो म्हणाला, "सर, बेरीज शेवटी बघायची. आधी प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे. ही वस्तू बदलायची की दुरुस्त करायची? ती का? आणि ती काढण्या-बसवण्याचे पैसे आणखी कुठे लावले आहेत का?"

मग आम्ही तो कागद ओळीओळीने वाचला, आणि मला प्रथम आढळले ते हे की, ज्या ओळींवर मी सर्वांत अधिक रागावलो होतो त्यांतल्या बऱ्याच रास्त होत्या. धक्का लागला एका पत्र्याला, मग रंग दाराला आणि बॉनेटलाही का? कारण धातूच्या कणांची चमक असलेला रंग एकाच क्रमांकाचा घेतला तरी शेजारच्या जुन्या भागाशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून नवा रंग शेजारच्या भागावर विरत न्यावा लागतो. चाकावरचा पत्रा ठोकून सरळ का करीत नाहीत? कारण तो ॲल्युमिनियमचा होता. ऑडी कंपनीने १९९४ साली संपूर्ण ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची ए-८ ही मोटार बाजारात आणली, आणि वजन वाचवण्याची ती रीत पुढे महागड्या मोटारींत पुष्कळ रुजली. पण हा धातू पोलादासारखा ठोकून पूर्वपदावर येत नाही. त्यात पोलादाचे कण रुतले तर ओलाव्याने तेथून तो खंगू लागतो; सबब त्याच्या कामाला हत्यारे वेगळी आणि जागाही वेगळी.

बंपरमागच्या रडारच्या तपासणीची ओळ मात्र कापावी, असा माझा आग्रह होता. "डोळ्यांना तर सगळे ठीक दिसते," मी म्हणालो. त्याने कागदावर एक त्रिकोण काढला. ते रडार एका अंशाने तिरपे बसले तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. म्हणजे आपल्या महामार्गावरील साडेतीन मीटरच्या पट्ट्याचा अर्धा भाग. मोटार आपण होऊन ब्रेक लावणार ती या रडारच्या भरवशावर. "सर, ही ओळ ठेवा." मी ठेवली.

परंतु दिव्याच्या ओळीवर तो थबकला. दिवा १,९२,००० रुपयांचा; एकसंध बंद पेटी, आतली एखादी वस्तू सुटी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या दालनात गेलो. काच शाबूत होती, दिवा लागत होता. मोडल्या होत्या त्या फक्त त्याला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन खुंट्या. आणि याच दिव्यासाठी त्या खुंट्यांचा संच खुद्द कंपनीच ९,००० रुपयांना विकत होती. पुढे, मजुरी पाच-पाच मिनिटांच्या घटकांत मोजलेली होती, आणि बंपर काढण्या-बसवण्याचे घटक बंपरच्या, दिव्याच्या आणि रडारच्या अशा तिन्ही कामांत धरलेले होते. बंपर तर एकदाच निघणार! तेथे १२,००० रुपये उतरले. नव्या कागदावर कर धरून ३,१२,७०० रुपये झाले. खांबाच्या एका रेट्याला तेही थोडे नव्हते. पण आता त्यातला रुपया न् रुपया कशाचा आहे हे मला सांगता आले असते.

तो तरुण लबाड होता असे मला वाटत नाही. विचारताच त्याने दुरुस्ती केली, तीही सौजन्याने. कोणी विचारत नाही तेव्हा मोठा आकडा लिहिणे सोपे आणि सुरक्षित असते, इतकेच. अर्थात न विचारण्याची सवय ग्राहकाला एकट्याच्या संकोचाने लागलेली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या कारागिरांना मिळू न दिल्याबद्दल. पुढे अपिले झाली, काहींचे दंड उतरले. पण दुसरे दारच नसेल तर पहिल्या दारात प्रश्न विचारण्याचे धैर्य कमी होते, हे खरे.

निघताना माझ्या विद्यार्थ्याने विम्याचा कागद मागितला. साध्या विम्यात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिक यांचा घसारा सरसकट ५० टक्के. दोन ते तीन वर्षांच्या मोटारीच्या धातूच्या भागांचा १५ टक्के. काचेचा मुळीच नाही. म्हणजे आपण ज्याला बंपर म्हणतो ते विम्याच्या लेखी निव्वळ प्लॅस्टिक, आणि निम्मी किंमत मालकाच्या माथी. भावाने मात्र शून्य घसाऱ्याचे जादा संरक्षण घेतले होते. "मग तुम्ही स्वतः का भरता, सर?" त्याने विचारले. हा चौथा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर अंदाजपत्रकात नव्हते.

रात्री मी भावाला फोन केला. सगळे सांगितले, ठेव मोडण्याचा बेतही सांगितला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, चौऱ्याऐंशी साली बाबांची स्कूटर मी स्टँडवरून पाडली, तेव्हा तू बाबांना काय सांगितलं होतंस?"

मी सांगितले होते की, ती मी पाडली. तो अकरा वर्षांचा होता. मिस्त्रीने फुटलेला दिवा आणि वाकलेली पट्टी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मांडून वडिलांना बोटांवर हिशेब दिला होता, आणि वडिलांनी एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला होता. ती किंमत कोणी भरली, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते. मी ते विसरलो होतो, तो विसरला नव्हता.

विम्याचा अर्ज त्याने दुसऱ्या दिवशी सही करून पाठवला. सक्तीच्या वजावटीचे २,००० रुपये आणि त्याचा बुडालेला बोनस मी द्यावयाचा, एवढ्यावर महत्प्रयासाने तडजोड झाली. "रडारची तपासणी कापली नाहीस ना?" हे त्याने दोनदा विचारले.

खांबाचाही टवका उडाला होता. वसाहतीच्या गवंड्याने पाकिटाच्या पाठीवर अंदाज लिहून दिला: सिमेंट, वाळू, मजुरी, इतर, एकूण ९०० रुपये. मी तो सावकाश वाचला आणि विचारले, "यातले 'इतर' म्हणजे काय?"

"चहा, सर," तो म्हणाला.

ती ओळ मी ठेवली.