दोनदा विचारणाऱ्या काकू

दरवर्षी स्मरणिकेचं काम सुरू झालं की संपादकांचा फोन येतो, "अरे, तुझ्या नोकरीवर लिही ना काहीतरी. ते सायबर सिक्युरिटी वगैरे, पण सगळ्यांना समजेल असं." आणि दरवर्षी मी काहीतरी सबब सांगून सुटतो. एक तर मी माझ्या कामाबद्दल बोलायला लागलो की समोरचा माणूस पाच मिनिटांत बटाटेवड्यांच्या रांगेकडे सरकतो, हा वीस वर्षांचा अनुभव. दुसरं म्हणजे, खरं लिहायचं तर मला एक कबुली द्यावी लागते. यंदा ती देऊन टाकतो.

हे लिहिण्याआधी आपल्या तेव्हाच्या खजिनदार काकूंची परवानगी घेतली आहे. त्यांनी एकच अट घातली: "माझं नाव नको. पण तुझी चूक मात्र नीट लिही."

मी एका विमा कंपनीच्या रिस्क विभागात आहे. आमचं काम म्हणजे तक्ते भरणं. काय वाईट होऊ शकेल, ते होण्याची शक्यता किती, झालं तर नुकसान किती, आणि त्यावरून लाल, पिवळा की हिरवा चौकोन. मग प्रत्येक लाल चौकोनाचं काय करायचं ते ठरवायचं. आपल्या गणपतीसमोरच्या समईचंच घ्या. आरास थर्माकोलची आणि समई खरी. एक उपाय म्हणजे समई लावायचीच नाही, विजेची लावायची. दुसरा, लावायची पण पडद्यापासून लांब, आणि शेजारी कोणालातरी बसवायचं. तिसरा, विमा काढायचा. आणि चौथा, गालिच्यावर तेल सांडलं तर साफसफाईचे पैसे भरू म्हणून मनाची तयारी ठेवायची. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या धोक्याबद्दल जे ठरवतात ते या चारांपैकीच काहीतरी असतं. बाकी सगळे स्लाइड शो!

तर असे तक्ते दिवसभर भरणारा मी, संध्याकाळी मंडळाचा 'टेक्निकल' माणूस. मंडळाचं ईमेल खातं २०११ साली मीच उघडलं. पासवर्ड ठेवला बाप्पाचं नाव आणि मंडळाच्या स्थापनेचं वर्ष. (आता बदलला आहे, प्रयत्न करू नका!) तेव्हापासून बारा वर्षांत जितक्या कार्यकारिणी झाल्या, त्या सगळ्यांना तोच पासवर्ड. कोणी गाव बदललं, कोणी भारतात परत गेलं, पासवर्ड सगळ्यांच्या खिशात. ऑफिसमध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला लाल चौकोनात उभं केलं असतं.

आता २०२३ सालाकडे येतो. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, आपला कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी. १ सप्टेंबरला, शुक्रवारी दुपारी, काकूंना मंडळाच्या खात्यावरून अध्यक्षांच्या नावाने ईमेल आलं. हॉलवाल्यांनी बँक बदलली आहे, उरलेले ४,२०० डॉलर नव्या खात्यात आजच वायर करा, नाहीतर बुकिंग जाईल. खाली हॉलच्या मॅनेजरशी झालेला आपला खराखुरा पत्रव्यवहार. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, मॅनेजरचं नावही बरोबर. सोमवारी लेबर डे, म्हणजे तीन दिवस बँका बंद.

काकूंना शंका आली. आपले अध्यक्ष प्रत्येक ईमेलची सुरुवात 'स. न. वि. वि.' ने करतात, अगदी पार्किंगच्या सूचनेचीसुद्धा. इथे नुसतं 'डिअर'. काकूंनी उलट ईमेल केलं, "खात्री आहे ना?" पाच मिनिटांत उत्तर आलं, "यस, प्लीज प्रोसीड."

हे उत्तर चोराचं होतं. तो कित्येक दिवस आपल्या खात्यात बसून सगळा पत्रव्यवहार वाचत होता. येणाऱ्या प्रत्येक ईमेलची प्रत गुपचूप बाहेर जाईल अशी सोय त्याने करून ठेवली होती. ते सेटिंग मला नंतर सापडलं. काकूंचा प्रश्न अध्यक्षांपर्यंत पोचलाच नाही, कारण तो येताच चोर उचलत होता.

पाच वर्षं आधी पुण्यात जे झालं ते मला तेव्हा आठवलं. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत हॅकर शिरले. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेच्या कॉम्प्युटरला विचारतं, पैसे द्यायचे का? हॅकरांनी मध्ये आपलाच एक नकली कॉम्प्युटर बसवला, आणि तो प्रत्येक प्रश्नाला 'द्या' म्हणत सुटला. काही तासांत २८ देशांतल्या मशीनमधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी, आणि सोमवारी स्विफ्टच्या मार्गाने हाँगकाँगला जवळजवळ १४ कोटी. एकूण ९४ कोटींच्या वर. ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत असं बँकेने तेव्हा जाहीर केलं होतं. पण गंमत बघा, मशीनने नियमाप्रमाणे विचारलं होतं. उत्तर देणारा दुसराच होता!

सुट्टीचा दिवस हाही योगायोग नसतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून चोरांनी सुमारे ९५ कोटी डॉलर काढायचा प्रयत्न केला, तो गुरुवारी रात्री. ढाक्याला शुक्रवारी सुट्टी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि पैसे जिथे जायचे त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांचे कागद आपोआप छापणारा बँकेतला प्रिंटर बंद पडला होता. लोकांना वाटलं, प्रिंटर काय, बिघडतातच. ८ कोटी १० लाख डॉलर गेले. मात्र श्रीलंकेला निघालेले दोन कोटी वाचले, कारण चोरांनी 'फाउंडेशन' हा शब्द चुकीचा लिहिला आणि मधल्या बँकेत कोणीतरी थांबून खुलासा मागितला.

आपल्याकडे मंगळवारी हॉलच्या मॅनेजरचा फोन आला, "पैसे अजून आले नाहीत." बँकेला कळवलं, एफबीआयच्या साइटवर तक्रार नोंदवली. त्या खात्यात काही उरलं नव्हतं. ईमेलमधून अशी फसवणूक झाल्याच्या २१,४८९ तक्रारी त्या वर्षी एफबीआयकडे आल्या, एकूण नुकसान २.९ अब्ज डॉलर. आपली तक्रार त्यातलीच एक.

बुधवारी रात्री तातडीची मीटिंग झाली. काकू आल्या त्या हातात पाकीट घेऊन. आत राजीनामा आणि स्वतःच्या खात्याचा ४,२०० डॉलरचा चेक. कोणी काही बोलेना. मी पासवर्डची गोष्ट सांगितली, चूक माझी आहे म्हणालो, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अध्यक्षांनी हळूच विचारलं, "काकू, शंका आली होती तर फोन का नाही केलात?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "याला विचारा," म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी केटररच्या बिलासाठी फोन केला तेव्हा हा म्हणाला, काकू, किती वेळा तेच विचारता? ईमेल नीट वाचत चला. डेकोरेशनच्या वेळी पण तेच. म्हटलं, नको बाई, परत म्हातारी शंकेखोर म्हणायची मंडळी."

मंडळी, पासवर्डची चूक मी पाच मिनिटांत दुरुस्त केली होती. ही मात्र माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. आपल्या मंडळात एकच माणूस दर व्यवहार दोनदा तपासत होता, आणि त्या माणसाला विचारायची लाज वाटेल अशी सोय मीच करून ठेवली होती. विमा कंपनीत आम्ही लाखो डॉलर खर्चून माणसांना जे शिकवतो, ते काकू फुकट करत होत्या आणि मी त्यांना गप्प बसवत होतो. त्या रात्री घरी येताना गाडीत बायकोशी एक शब्द बोलू शकलो नाही.

चेक अध्यक्षांनी तिथेच फाडला. पैसे राखीव निधीतून गेले; त्या वर्षी संगीत रजनीऐवजी स्थानिक कलाकारांवर भागवलं, हे तुम्हाला आठवत असेल. (का, ते आता कळलं!) काकूंनी राजीनामा मागे घेतला, पण एका अटीवर: दोनदा विचारणं हे घटनेत लिहा. लिहिलं. कोणाच्याही खात्याचा नंबर बदलला तर जुन्या कागदी फाइलमधल्या नंबरवर फोन करायचा, आलेल्या ईमेलमधल्या नंबरवर नाही. पाचशे डॉलरच्या वरचे पैसे दोघांच्या संमतीशिवाय जात नाहीत. आणि कार्यकारिणी बदलली की त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलतात. सायबर विमा घ्यावा का यावर दीड तास चर्चा झाली आणि, परंपरेप्रमाणे, पुढच्या मीटिंगवर ढकलली गेली.

पुढे २०२४ साली अरप या इंग्लिश इंजिनिअरिंग कंपनीची बातमी आली. त्यांच्या हाँगकाँगच्या ऑफिसातल्या एका कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ साहेब दिसले, बोलले, आणि त्याने सुमारे अडीच कोटी डॉलर पाठवले. साहेबांचे चेहरे आणि आवाज, दोन्ही कॉम्प्युटरने बनवलेले! ही बातमी मी काकूंना सांगितली. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

मागच्या महिन्यात मी त्यांना केटररच्या आगाऊ रकमेचं ईमेल पाठवलं. रात्री अकराला फोन.

"तूच पाठवलंस ना?"

"हो काकू, मीच."

"आवाज तुझ्यासारखा वाटतोय खरा. मागच्या दिवाळीला मी तुझ्या डब्यात काय दिलं होतं?"

"चिरोटे. आणि दोन तुटलेले होते."

"बरं. सकाळी पाठवते पैसे. अध्यक्षांना विचारून."